द्रावणातून स्फटिक घडताना कसे पाहावेत: रामन वर्णपटाने करायचा पहिला प्रयोग

चंचुपात्रातलं द्रावण ३५ अंशांनाच संपृक्त झालेलं असतं. तापमान ३३ होतं, ३२ होतं, तरी द्रावण काचेसारखं स्वच्छ. मग तळाशी कुठेतरी एक बारीक चमक दिसते आणि मिनिटाभरात सगळं पात्र पांढरं होऊन जातं. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला चुटपूट लागते की मधलं काहीतरी बघायचं राहिलं. खरंच राहिलेलं असतं. ते 'मधलं' रामन वर्णपटातून (लेसरचा प्रकाश पदार्थावर पडून थोड्या बदललेल्या तरंगलांबीने विखुरतो, त्याच्या आलेखातून) कसं टिपायचं, हे या लेखात पायरीपायरीने सांगतो. तुम्हाला कॉलेजपुरतं रसायनशास्त्र येतं, रामन यंत्र वापरायला मिळतंय, पण स्फटिकीकरणाचा वर्णपट तुम्ही कधी घेतलेला नाही, असं मी धरून चाललो आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. स्फटिकीकरण म्हणजे जमाखर्चाची वही आहे. द्रावणाच्या खात्यातून पदार्थ वजा होतो आणि घनाच्या खात्यात जमा होतो. नवखा माणूस एकच खातं बघतो आणि दुसऱ्याचा अंदाज बांधतो. बहुतेक चुका तिथेच होतात. दोन्ही खाती वेगवेगळी मोजायची आणि शेवटी ताळा जमतो का ते बघायचं, एवढ्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप आहे.

(शिखरांच्या जागा सगळीकडे तरंगसंख्येत, म्हणजे सेमी⁻¹मध्ये दिल्या आहेत. एकक दर वेळी लिहीत नाही.)

पायरी १: कोणतं तंत्र कोणाकडे बघतं

अवरक्त वर्णपटाची एटीआर पद्धत (द्रावणाला टेकवलेल्या स्फटिकाच्या आतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने मोजण्याची) प्रामुख्याने द्रावणाकडे बघते. हिऱ्याच्या किंवा तत्सम स्फटिकाच्या पृष्ठभागापासून प्रकाश द्रावणात फार तर एक-दोन मायक्रोमीटर शिरतो. तरंगणारे कण तेवढ्या जवळ क्वचितच येतात, त्यामुळे पात्र पांढरंफटक झालं तरी एटीआरला मधल्या द्रवाची संहती बऱ्यापैकी नीट कळते. पण त्याच पृष्ठभागावर स्फटिक चिकटून बसले, तर यंत्र द्रावण सोडून त्या खपलीचा वर्णपट दाखवू लागतं. अडचण अशी की आलेख तरीही अगदी सुरेख दिसतो. शिवाय पाणी १६४० च्या आसपास अवरक्त प्रकाश जोरात शोषतं, आणि हिरा स्वतः १९०० ते २३०० या पट्ट्यात शोषतो. तुमचं महत्त्वाचं शिखर तिथे येत असेल तर दुसरा मार्ग शोधा.

रामन दोन्हीकडे बघतं, द्रावणाकडेही आणि घनाकडेही. पाण्याचा रामन संकेत दुबळा असतो आणि जलीय द्रावणांसाठी ते सोयीचं ठरतं. मात्र कण वाढले की प्रकाश इतका विखुरतो की सगळीच शिखरं खालीवर होतात. शिखराची निव्वळ उंची त्यामुळे भरवशाची राहत नाही, गुणोत्तरं वापरावी लागतात.

तिसरा साथीदार अगदी साधा. ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश द्रावणातून आरपार जातो का, एवढंच मोजायचं. कोणता पदार्थ, कोणतं रूप, हे त्याला काही कळत नाही, पण गढूळपणा कधी सुरू झाला ते नेमकं कळतं. हे जोडता आलं तर जरूर जोडा.

पहिल्या प्रयोगासाठी मी रामनच निवडेन. एकाच आलेखात दोन्ही खाती दिसतात आणि शिकायला त्याहून बरं काही नाही.

पायरी २: पदार्थाची निवड

इथे घाई केली तर पुढचे चार दिवस फुकट जातात. पदार्थ असा हवा की द्रावणातलं शिखर आणि घनातलं शिखर एकमेकांपासून स्पष्ट वेगळं दिसेल. नायट्रेट आयनाचं मुख्य शिखर, म्हणजे तिन्ही ऑक्सिजन एकाच तालात आत-बाहेर होण्याचं कंपन, पाण्यात १०४९ च्या आसपास येतं. सोडियम नायट्रेटच्या स्फटिकात तेच १०६८ ला जातं. जवळजवळ १९ चं अंतर, म्हणजे साध्या यंत्रालाही पुरेसं. पोटॅशियम नायट्रेटमध्ये मात्र घनाचं शिखर १०५० च्या आसपास, जवळपास द्रावणाच्याच जागी पडतं. तापमानाबरोबर पोटॅशियम नायट्रेटची विद्राव्यता फार झपाट्याने बदलते, त्यामुळे स्फटिक काढायला ते उत्तम, म्हणून नवखे हमखास तेच उचलतात. वर्णपटात मग एका शिखराची रुंदी जराशी कमी झालेली दिसते आणि तीवरून तर्क करत बसावं लागतं. स्फटिक काढायला सोपा पदार्थ बघायलाही सोपा असेल, असं नाही.

तेव्हा सोडियम नायट्रेट. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना ते साधारण ८८ ग्रॅम विरघळतं, ३० अंशांना ९६ आणि ४० अंशांना १०५ च्या आसपास. आपण १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅम घेऊ, म्हणजे द्रावण ३५ अंशांच्या आसपास संपृक्त होईल.

सुरक्षिततेबद्दल थोडं, पण गंभीरपणे. सोडियम नायट्रेट ऑक्सिडीकारक आहे. कागद, कापूस, अल्कोहोल आणि कोणताही सेंद्रिय पदार्थ त्याच्यापासून लांब ठेवा. नायट्रेटने भिजलेला गाळणकागद सुकला की सहज पेट घेतो, तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आधी भरपूर पाण्याने धुवा. लेसरसाठी त्याच्या तरंगलांबीचा चष्मा लागतो. हिरव्यासाठीचा चष्मा अवरक्ताच्या जवळच्या लेसरला चालेलच असं नाही.

पायरी ३: लेसर कोणता, आणि यंत्र खरं बोलतंय का

प्रयोगशाळेत बहुधा ५३२ किंवा ७८५ नॅनोमीटरचा लेसर असतो. सेंद्रिय पदार्थांसाठी ७८५ बरा, कारण प्रतिदीप्ती, म्हणजे लेसर पडल्यावर पदार्थाने स्वतःच चमकून रामन संकेत झाकणं, कमी होते. पण रामन विखुरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे या एकाच कारणाने ७८५ वर संकेत जवळपास पाचपट घटतो. दुसरी अडचण सहसा कोणी सांगत नाही. आपल्याला पाण्याचा ओ-एच पट्टा लागणार आहे, तो ३४०० च्या आसपास. ७८५ च्या लेसरने हा पट्टा सुमारे १०७१ नॅनोमीटरवर पडतो, आणि सिलिकॉनचा डिटेक्टर तिथे जवळजवळ आंधळा असतो. ५३२ ने तोच पट्टा ६५० च्या आसपास येतो आणि छान दिसतो. नायट्रेट स्वच्छ अकार्बनी क्षार आहे, प्रतिदीप्तीची फारशी भीती नाही. या प्रयोगाला ५३२ घ्या.

मग सिलिकॉनचा तुकडा ठेवून वर्णपट घ्या. शिखर ५२०.५ च्या आसपास हवं. १०४९ आणि १०६८ मध्ये भेद करायचा असेल तर दोन-तीन एककांची घसरणही त्रास देते. हे रोज करायचं, प्रयोगाच्या आधी आणि नंतरही. यंत्र तापताना घसरतं, त्यामुळे लेसर सुरू करून अर्धा तास तरी थांबा.

आणि खोलीतले दिवे बंद करा. एकदा ४८५ च्या आसपास एक टोकदार शिखर मला दर वर्णपटात दिसत होतं. घनात होतं, द्रावणात होतं, आणि मी मोठ्या उत्साहात वहीत 'नवीन रूप?' असं लिहूनही ठेवलं. शेवटी रिकाम्या पात्रातही ते दिसलं. वर ट्यूबलाइट चालू होती. तिच्यातल्या पाऱ्याची ५४६.१ नॅनोमीटरची हिरवी रेषा ५३२ च्या लेसरपासून मोजली की बरोबर ४८५ च्या जवळ येते. गंमत म्हणजे १९२८ साली चंद्रशेखर व्यंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी हा परिणाम टिपला तेव्हा त्यांच्या वर्णपटांना प्रकाश पुरवणारा पाऱ्याचा दिवाच होता. तेव्हा त्याने शोध लावून दिला, माझ्या वेळी मात्र आठवडा खाल्ला.

पायरी ४: ओळखपरेड

प्रयोगाआधी चार वर्णपट घ्या आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा: रिकामं पात्र, नुसतं पाणी, कोरडं सोडियम नायट्रेट, आणि पूर्ण विरघळलेलं, संपृक्त नसलेलं द्रावण.

कोरड्या घनात १०६८ शिवाय ७२४ च्या आसपास एक शिखर मिळेल, आणि खाली १८५ ला आणखी एक. हे १८५ वालं जपून ठेवा. ते स्फटिकजाळीचं कंपन आहे, आयन रांगेत बसलेले असतील तरच ते येतं. द्रावणात ते नसतं. १०६८ दिसलं आणि शंका आली, तर १८५ कडे बघायचं. तुमच्या यंत्राचा फिल्टर इतक्या खालपर्यंत बघू देत असेल तर नशीब समजा.

घनाचा वर्णपट घेताना नमुना फिरवून चार-पाच वेळा घ्या. स्फटिकाची दिशा बदलली की शिखरांच्या उंचीचं परस्परांतलं प्रमाण बदलतं. एकाच वर्णपटावरून 'या शिखराची उंची त्याच्या निम्मी असते' असा नियम करून बसू नका.

पायरी ५: द्रावणाच्या खात्याचा माप-तक्ता

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि नेमका हाच सगळे गाळतात.

१०० ग्रॅम पाण्यामागे ६०, ७०, ८०, ९० आणि १०० ग्रॅम नायट्रेट अशी पाच द्रावणं करा. 'लीटरमागे' नाही, 'पाण्याच्या वजनामागे'. तापमानाबरोबर आकारमान बदलतं, वजन बदलत नाही. प्रत्येक द्रावणाचा वर्णपट ५०, ४५, ४० अशा वेगवेगळ्या तापमानांना घ्या, द्रावण जिथवर संपृक्त होत नाही तिथवर खाली या. मग १०४९ च्या शिखराचं क्षेत्रफळ भागिले पाण्याच्या ओ-एच पट्ट्याचं क्षेत्रफळ, हे गुणोत्तर काढा आणि संहतीसमोर मांडा.

पाण्याचा १६४० चा पट्टा का नाही? तो दुबळा आहे, शिवाय नायट्रेटचं स्वतःचं एक छोटं शिखर १६६० च्या आसपास येऊन त्यात मिसळतं. भाजकातच भाज्य मिसळलं तर हिशेब कसा लागणार? ओ-एच पट्टाही अगदी निर्दोष नाही, तापमानाने आणि क्षाराने त्याचा आकार बदलतो, म्हणून तर वेगवेगळ्या तापमानांना मोजायचं. एकाच तापमानाचा तक्ता सगळीकडे लावलात, तर निवताना संहती बदलल्याचा भास होईल, आणि पात्रात मात्र काहीच घडलेलं नसेल.

एक युक्ती. अतिसंपृक्त भागासाठी, म्हणजे विद्राव्यतेपेक्षा जास्त पदार्थ विरघळलेला असतो त्या टापूसाठी, वेगळं द्रावण करता येत नाही, पण १०० ग्रॅमवालं द्रावण ३५ च्या खाली हळूहळू नेलं आणि ते स्वच्छच राहिलं, तर त्याची संहती अजून १०० च आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. तेवढ्या वेळात घेतलेले वर्णपट तक्त्यात घाला. आपल्याला खरी गरज त्याच टापूतल्या आकड्यांची असते.

पायरी ६: प्रत्यक्ष प्रयोग

पात्राला झाकण हवं. हा सल्ला क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेबच देतो. १०० ग्रॅम पाण्यातलं ५ ग्रॅम वाफ होऊन गेलं, तर १०० ग्रॅम पाण्यामागे नायट्रेट १०५ ग्रॅम झालं. संपृक्ततेचं तापमान ३५ वरून थेट ४० च्या आसपास सरकलं. तुम्ही मात्र वहीत ३५ धरून निष्कर्ष काढत बसणार.

द्रावण ५० अंशांवर न्या आणि अर्धा तास तिथेच ढवळत ठेवा. डोळ्याला न दिसणारे न विरघळलेले कण राहिले तर तेच पुढे बीज होतात, आणि स्फटिक संशयास्पद लवकर येतात. काठावर, झाकणाच्या खाली, प्रोबच्या (यंत्राच्या द्रावणात बुडवायच्या भागाच्या) दांड्यावर सुकलेली पांढरी रेघ नाही ना ते बघा. असेल तर ती गरम द्रावणात बुडवून विरघळवा. निम्मे 'विचित्र' निकाल त्या रेघेचे असतात.

मग मिनिटाला अर्धा अंश या गतीने २० पर्यंत थंड करा. एक तास लागेल. ढवळण्याचा वेग सुरुवातीला ठरवाल तो शेवटपर्यंत बदलू नका. तापमापी द्रावणातच हवी, बाहेरच्या पाण्यात नको. प्रोबचं टोक पृष्ठभागाच्या बरंच खाली आणि बुडबुडे साचणार नाहीत असं तिरपं ठेवा.

वर्णपटाचा वेळ किती? शिकाऊ माणसाला सुंदर, गुळगुळीत वर्णपट हवा असतो, म्हणून तो दोन-दोन मिनिटांची सरासरी घेतो. पण इथे घटनाच मिनिटाभराची आहे. पाच ते दहा सेकंदांचा वर्णपट एकामागून एक घेत राहा, थोडा खरखरीत आला तरी चालेल. आणि सुरू करण्याआधी यंत्राचं घड्याळ व तापमापीच्या नोंदींचं घड्याळ जुळवा. हे विसरलात तर नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते दुरुस्त होत नाही.

मी हाताने वहीतही लिहितो: 'पहिली चमक', 'धूसर', 'पांढरं', आणि वेळ. डोळाही एक डिटेक्टरच आहे.

पायरी ७: आलेख वाचायचे कसे

आता वेळेच्या अक्षावर एकाखाली एक मांडा: तापमान, गढूळपणा (मोजला असेल तर), १०६८ चं क्षेत्रफळ, आणि तक्त्यावरून काढलेली द्रावणाची संहती. त्याआधी प्रत्येक वर्णपटाची आधाररेषा वजा करा, आणि एखाद्याच वर्णपटात एकाच बिंदूवर उभी राहिलेली सुई दिसली तर ती वैश्विक किरणांची असते, काढून टाका. ओळखायची खूण सोपी आहे, मागच्या आणि पुढच्या वर्णपटात ती नसते.

बहुधा आधी गढूळपणा हलतो, मग १०६८ डोकं वर काढतं, मग द्रावणाची संहती ठळकपणे घसरू लागते. तापमानाच्या रेषेत याच वेळी एक छोटासा उंचवटा येतो, तो तापमापीचा दोष समजू नका. सोडियम नायट्रेट विरघळताना उष्णता शोषतं, साहजिकच स्फटिक बनताना ती बाहेर टाकतं. हा एक साक्षीदार तुम्हाला फुकटात मिळालेला आहे.

समजा ३१ अंशांना पहिली खूण मिळाली. त्या तापमानाची विद्राव्यता सुमारे ९७, द्रावणात आहेत १००. अतिसंपृक्ततेचं गुणोत्तर १.०३ च्या आसपास. आकडा अगदीच किरकोळ वाटतो, पण भरपूर विरघळणाऱ्या क्षारांच्या बाबतीत तो असाच असतो. कमी विरघळणाऱ्या पदार्थांत हेच गुणोत्तर दहा-वीस किंवा त्याहूनही वर जातं. म्हणून दोन पदार्थांची तुलना नुसत्या अंशांवरून करू नये.

आता ताळा. २० अंशांना पोचल्यावर थांबा, तासभर ढवळू द्या. द्रावणात ८८ च्या आसपास उरायला हवेत, म्हणजे १२ ग्रॅम घन. तक्ता काय म्हणतो? ८८ च्या जवळपास असेल तर उत्तम. ९४ म्हणत असेल तर एक तर समतोल अजून आलेला नाही (थांबून पुन्हा बघा), किंवा प्रोबच्या काचेवर खपली बसली आहे, किंवा तक्त्यात तापमानाची दुरुस्ती चुकली आहे. खपली ओळखायची असेल तर ढवळणं अर्धा मिनिट बंद करा. कण खाली बसतील आणि १०६८ पडेल. पडलं नाही, तर ते शिखर तरंगणाऱ्या स्फटिकांचं नसून काचेला चिकटलेल्या थराचं आहे.

१०६८ च्या क्षेत्रफळावरून थेट घनाचे ग्रॅम काढण्याचा मोह होईल. नका. ते क्षेत्रफळ कणांच्या आकारावर, ते किती तरंगतात यावर आणि ढवळण्यावर अवलंबून असतं. तेवढंच घन बारीक असताना एक आकडा देतं, जाड झाल्यावर दुसरा. घनाचं शिखर 'कोण आणि कधी' हे सांगतं. 'किती' हे द्रावणाच्या खात्यातून वजाबाकीने काढायचं.

तुम्ही जन्म पाहिलेला नाही

हे वेगळं लिहितो, कारण बऱ्याच अहवालांत 'अमुक वेळी केंद्रकीकरण झालं', म्हणजे स्फटिकांची पहिली बीजं तेव्हा जन्मली, असं ठोकून दिलेलं असतं. स्फटिकाचं पहिलं टिकाऊ केंद्रक नॅनोमीटरच्या मापाचं असतं. असे काही मोजके गट अख्ख्या पात्रात कुठेतरी जन्मले, तर तुमच्या लेसरच्या बारीकशा ठिपक्यात ते सापडण्याची शक्यता नाहीच म्हणा. १०६८ वर येतं तेव्हा केंद्रकं वाढून, आपटून, तुटून, त्यांची पिलावळ पसरलेली असते. तुम्ही मोजता तो 'ओळख पटण्याचा क्षण'. जन्मापासून ओळख पटेपर्यंतची वाढही त्यात धरलेली असते. अहवालात तसंच लिहा.

शिवाय जन्म हा नशिबाचा खेळ आहे. तोच प्रयोग, तीच गती, तरी एकदा ३१ अंशांना, एकदा २९ ला. यात तुमची चूक नसते. द्रावण जितकं कमी, तितका हा विखुरलेपणा जास्त. म्हणून एका प्रयोगाचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. निदान दहा वेळा करा आणि दहाही आकडे द्या. पुढे जाऊन तापमान स्थिर ठेवून वेगवेगळ्या अतिसंपृक्ततेला किती वेळ लागतो हे मोजलंत, तर वेळेचा लॉगरिदम आणि अतिसंपृक्ततेच्या लॉगरिदमच्या वर्गाचा व्यस्त यांचा आलेख काढता येतो. जुन्या केंद्रकीकरण सिद्धांतानुसार तो सरळ रेषेत यायला हवा. प्रत्यक्षात बऱ्याचदा मध्येच वाकतो, कारण जास्त अतिसंपृक्ततेला केंद्रकं द्रवातच जन्मतात आणि कमी असताना धुळीच्या कणावर किंवा काचेच्या ओरखड्यावर.

पायरी ८: जिथे रूप बदलतं

सोडियम नायट्रेट सरळमार्गी आहे, एकच रूप देतं. हात बसला की कॅल्शियम कार्बोनेट घ्या. तिथे खरी मजा आहे. १८९७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्डने मांडलं होतं की द्रावणातून आधी सर्वांत स्थिर रूप येईलच असं नाही, बहुधा कमी स्थिर रूप आधी येतं आणि मग पायऱ्या उतरत स्थिर रूपाकडे जातं. औषधनिर्मितीत हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. १९९८ मध्ये रिटोनाविर या औषधाचं अधिक स्थिर आणि कमी विरघळणारं नवं स्फटिकरूप उत्पादनात अचानक उगवलं आणि कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या.

कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेट यांची लीटरमागे ०.१ मोलची द्रावणं करा आणि समान आकारमानात, ढवळत, झटकन एकत्र ओता. लगेच दुधाळ साका येतो. हा सुरुवातीचा साका अस्फटिकी असतो. काही मिनिटांत त्यातून व्हॅटेराइट आणि कॅल्साइट ही कॅल्शियम कार्बोनेटची स्फटिकरूपं येऊ लागतात, आणि व्हॅटेराइट पाण्यात राहिलं तर पुढच्या तासांत तेही विरघळून कॅल्साइटच्या रूपात पुन्हा बसतं. किती मिनिटं, किती तास, हे तापमान, ढवळणं आणि संहतीवर फार अवलंबून असतं, म्हणून तुमचे आकडे तुम्हीच काढा.

इथे द्रावणाच्या खात्याचा उपयोग नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात लीटरमागे जेमतेम १५ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि एवढ्याशाचा रामन संकेत मिळत नाही. त्यामुळे नमुने काढून घनच बघायचं. रामनमध्ये अस्फटिकी रूपाचं शिखर १०८० च्या आसपास पसरट येतं. कॅल्साइटचं १०८६ ला धारदार, सोबत ७११ आणि २८२. व्हॅटेराइटचं दुहेरी, १०७५ आणि १०९१ च्या आसपास. ॲरागोनाइट या तिसऱ्या स्फटिकरूपाचं मुख्य शिखर १०८५ ला, म्हणजे कॅल्साइटच्या अंगावरच. त्या दोघांत भेद करायचा तर ७०१ ते ७०५ आणि २०६ कडे बघावं लागतं. मुख्य शिखरावर विसंबून राहिलात तर फसाल. कोरडी पूड असेल तर इथे अवरक्त पद्धतच मला जास्त सोपी वाटते: कॅल्साइटला ७१२, व्हॅटेराइटला ७४५, आणि अस्फटिकी रूपात या दोन्ही जागा जवळजवळ सपाट.

अडचण फक्त नमुना 'गोठवण्याची'. दोन, दहा, तीस आणि नव्वद मिनिटांनी थोडं मिश्रण काढा, लगेच गाळा, इथेनॉलने दोनदा धुवा आणि निर्वात डबीत सुकवा. पाणी राहिलं की रूपांतर चालूच राहतं. (इथेनॉल नायट्रेटच्या भांड्यांजवळ आणू नका. कालची काच आधी पाण्याने धुवा.) प्रत्येक डबीवर मिसळल्यापासूनची वेळ लिहा आणि गाळल्यापासून सुकेपर्यंत किती वेळ गेला तोही. ही दुसरी वेळ कुणी लिहीत नाही, आणि मग दोन मिनिटांच्या नमुन्यात कॅल्साइट कसं सापडलं यावर वाद रंगतो.

व्हॅटेराइट हाती लागलं, तर त्या नमुन्याचे दोन भाग करा. एक कोरडा ठेवा, दुसऱ्यावर चार थेंब पाणी घालून झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हींचा अवरक्त वर्णपट घ्या आणि एकावर एक ठेवून बघा. कोरड्यात ७४५ जागच्या जागी असेल. ओल्यात ते किती खचलं आणि ७१२ किती वर आलं, ते मोजा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.